इशीचं धनुष्य
१९११ साली कॅलिफोर्नियात याही जमातीचा शेवटचा माणूस लोकांसमोर आला. स्वतःचं नाव त्याने कधीच सांगितलं नाही. 'इशी' म्हणजे त्याच्या भाषेत नुसता 'माणूस'. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहताना त्याने डॉक्टर सॅक्सटन पोपना धनुर्विद्या शिकवली. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. शवविच्छेदनात त्याचा मेंदू काढून ठेवला गेला. १९२० मध्ये पोप आणि आर्थर यंग यांनी यलोस्टोनमध्ये बाणांनी ग्रिझली अस्वलं मारली, तीही संग्रहालयासाठीच.

मला एकलव्य आठवतो. तिथे गुरूने शिष्याचा अंगठा घेतला. इथे गुरूचाच मेंदू गेला. तो २००० साली त्याच्या आप्त जमातींना परत मिळाला. आज काळ्या अस्वलांच्या धनुष्य-शिकारीचे विक्रम 'पोप अँड यंग क्लब' नोंदवतो. नावात शिष्य आहे, गुरू नाही.