सेलिगमन पत्रसंग्रह

‘झाक सेलिगमन अँड कंपनी’ या पॅरिस व न्यूयॉर्क येथील कलाव्यापारी पेढीची पत्रे, हिशेबाच्या वह्या, मालाच्या नोंदी व छायाचित्रे यांचा संग्रह. काळ १९०४ ते १९७८. स्मिथसोनियन संस्थेच्या ‘आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट’ या अभिलेखागारात तो जतन केलेला आहे.

मूळचा फ्रँकफुर्टचा झाक सेलिगमन (१८५८–१९२३) याने १८८० मध्ये पॅरिसला दुकान थाटले आणि १९०४ मध्ये न्यूयॉर्कला शाखा काढली. त्याचा सारा भर जुन्या कलावस्तूंवर होता. मुलगा जर्मेन (१८९३–१९७८) नव्या चित्रांकडे वळला, पण घरच्या भागीदारांना त्यांचे वावडे. मग १९२६ च्या सुमारास सेझार द हॉक या सहकाऱ्याच्या नावाने वेगळी पेढी निघाली आणि आधुनिक फ्रेंच चित्रांचा व्यवहार तिच्याकडे गेला.

संग्रहालयाला चित्र विकणे हे चिकाटीचे काम. आधी छायाचित्र पाठवायचे, चित्र कोणाकोणाच्या मालकीचे होते ते कळवायचे, मग चित्रच पसंतीला धाडायचे. त्याचा विमा, विश्वस्तांच्या बैठकीची वाट, भावातली घासाघीस, हप्त्यांची बोलणी आणि बहुतेक वेळा नकार. संचालकाला चित्र हवे असते, पैसा विश्वस्तांच्या हाती असतो. विक्रेत्याचे पत्र या दोघांच्या मधल्या जागेत लिहिले जाते.

या पेढीचा सर्वांत गाजलेला व्यवहार पिकासोच्या ‘ले दम्वाझेल दाव्हिन्यों’ (१९०७) या चित्राचा. झाक दूसे या संग्राहकाने ते १९२४ मध्ये घेतले होते. त्याच्या पश्चात १९३७ मध्ये पेढीने ते त्याच्या पत्नीकडून विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या दालनात मांडले. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यासाठी २४,००० डॉलर किंमत ठरवली. त्यांपैकी १८,००० डॉलर संग्रहालयातले दगा या चित्रकाराचे एक चित्र विकून उभे राहिले. उरलेला भार जर्मेन सेलिगमन व द हॉक यांनी देणगी म्हणून उचलला. याला औदार्य म्हणावे की धंद्याची अक्कल? दोन्ही. संग्रहालयाने पिकासो घेतला की बाजारातल्या प्रत्येक पिकासोचा भाव वधारतो. चित्राच्या पाटीवर मात्र लिली ब्लिस यांच्या मृत्युपत्रातील देणगीच्या (दगाचे चित्र त्यातलेच) अदलाबदलीचा तेवढा उल्लेख असतो. विक्रेत्याचे नाव तेथे शोधू नये.

नाझींच्या हाती पडू नयेत म्हणून पॅरिसची कागदपत्रे १९४० मध्ये नष्ट करण्यात आली. त्यामुळे संग्रहात न्यूयॉर्कची बाजू ठसठशीत दिसते, पॅरिसची तुटक.

संग्रहाच्या प्रतिमा जालावर पाहता येतात. अभ्यासकाने सुरुवात संग्रहालयांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या फायलींपासून करावी. हिशेबाच्या वह्या नंतर पाहिल्या तरी चालतील.