पुरुषांची उंच टाचांची पादत्राणे

उंच टाचांची पादत्राणे आज प्रामुख्याने स्त्रियांची मानली जातात. तथापि १७व्या शतकात ती युरोपातील उच्चवर्गीय पुरुषांच्या वेषाचा भाग होती.

उगम
इराणमधील घोडेस्वार टाचांचे जोडे वापरीत. टाच रिकिबीत अडकल्याने स्वारास उभे राहून बाण सोडताना आधार मिळे. शाह अब्बास पहिला याने १५९९ मध्ये युरोपात शिष्टमंडळ पाठविले. त्या सुमारास युरोपीय सरदारवर्गात इराणी वेषाचे आकर्षण वाढले.

राजदरबार
फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारात लाल टाचा हे प्रतिष्ठेचे चिन्ह होते. इयासांत रिगो याने १७०१ मध्ये काढलेल्या चित्रात राजाच्या पायांत अशीच पादत्राणे दिसतात. १८व्या शतकात पुरुषी वेषात साधेपणा व उपयुक्तता यांना महत्त्व आले आणि उंच टाच स्त्रियांची ठरली. घोडेस्वारीच्या बुटांत मात्र ती टिकून राहिली.

आधुनिक काळ
१९७०च्या दशकात डेव्हिड बोवी, एल्टन जॉन आदी गायकांनी जाड तळव्यांचे उंच बूट रंगमंचावर आणले. स्त्रियांच्या बुटांची बारीक टाच पुरुषाच्या वजनाखाली मोडू शकते. म्हणून पुरुषांसाठी ती अधिक मजबूत करावी लागते. 'किंकी बूट्स' (२००५) या ब्रिटिश चित्रपटाचे कथानक याच अडचणीभोवती फिरते. त्यावर आधारित संगीतिकेस २०१३ मध्ये सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार मिळाला.