आमच्या गल्लीतील वल्ली

पु. ल. देशपांडे यांच्या 'गणगोत'मुळे बेळगावचे रावसाहेब महाराष्ट्राला ठाऊक झाले; परंतु ज्यांना लेखक लाभला नाही अशा वल्ली येथील गल्लोगल्ली होत्या. रामलिंग खिंड गल्लीत आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. मास्तर मात्र आपल्या पत्त्यात 'मुंबई राज्य' असेच लिहीत राहिले. 1 मे 1960 रोजी ते राज्यही लोपले, तरी पत्ता बदलला नाही. उत्तरेही त्याच पत्त्यावर येत. टपालवाला कानडी भाषिक. तो ती बिनचूक आणून देई, राज्याविषयी त्याने कधी ब्र काढला नाही. आम्ही मुले मात्र मास्तरांना 'मुंबईकर' म्हणून चिडवीत असू. त्याची आज लाज वाटते.

समोरच्या आजींची तऱ्हा निराळी. त्या सुनांशी मराठीत आणि गाईशी कानडीत बोलत. विचारले तर म्हणत, "अरे, ती बैलहोंगलच्या बाजारातली. तिला आपली भाषा कशी समजायची?"

मास्तरांना दूध याच गाईचे लागे. सकाळी तांब्या घेऊन गोठ्याशी उभे राहिले, की तेही तिच्याशी कानडीतच बोलत.