दारूचे दप्तर आणि क्षयाचे दप्तर

सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावात क्षयाचा इतिहास सांगावयाचा, तर त्याचा आरंभ दवाखान्यापासून न करता अबकारी खात्यापासून करावा, असे आम्हांस वाटते. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा झाला. नाशिक जिल्ह्याच्या डोंगरपट्टीत लोक मोहाची दारू गाळीत. ते गाळणे सरकारी परवान्याखाली आले आणि दारू ही तिजोरीची बाब झाली. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. पुढे दोनच वर्षांनी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. दोन्ही विषय एकाच काळात पुढे आले, पण आपल्याकडे त्यांची दप्तरे निराळी राहिली. एक महसुलाचे व नीतीचे, दुसरे हवापाण्याचे व औषधाचे.

फ्रान्समध्ये दारू क्षयासाठी अंथरूण घालून ठेवते, अशा अर्थाचे लांदूझी या वैद्यांचे म्हणणे गाजले होते. पण तेथला पिणारा मजूर दाटीच्या, अंधाऱ्या खोलीत अर्धपोटी राहत होता. अंथरूण दारूने घातले की दारिद्र्याने, हे निवडणे सोपे नव्हते. शिवाय क्षय न पिणाऱ्यासही सोडीत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये क्षयानेच गेल्या.

आमच्या मते या दोन दप्तरांची खरी गाठ पुढे पडली. ज्यास परवडे तो रोगी मिरजेच्या वा पाचगणीच्या आरोग्यधामात जाई. तेथे महिनोन् महिने विश्रांती, सकस अन्न आणि शिस्त, गुत्ता दूर. १९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. घरी राहून औषध घेणारा गरीब रोगीही आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो, हे त्यातून दिसले, आणि १९६२ पासूनचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम त्याच पायावर उभा राहिला. गरिबांवर हे थोर उपकार झाले. मात्र औषध घरी आले, तेव्हा घरात जे होते त्याच्याशी त्याची गाठ पडली. ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी होती खरी, परंतु ओढ्याकाठच्या हातभट्ट्यांनी ती मानली नाही.

जंतू शिरलेल्या दहांतील नऊ जणांना सहसा रोग होतच नाही. फुप्फुसातील रक्षक पेशी त्यास गिळून कोंडून ठेवतात. रोजची भरपूर दारू याच पेशींना दुबळे करते. दिवसाला ४० ग्रॅमहून अधिक मद्यार्क, म्हणजे कडक दारूचे साधारण दोन मोठे पेग, घेणाऱ्यास क्षयाचा धोका सुमारे तिप्पट असतो, असे २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून आढळले. पुढे औषधाचीही अडचण. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड यांचा ताण यकृतावर पडतो. तेथे दारूचा ताण आधीच असला की कावीळ होण्याचा संभव वाढतो, गोळ्या थांबतात, आणि अर्धवट उपचारातून औषधास न जुमानणारा क्षय उद्भवतो.

निफाड तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. ऊसतोड असो, कांद्याचे खळे असो वा द्राक्षबाग, मजुरीतून बाटली निघाली की ताटातली डाळ कमी होते. झारखंडात क्षयरोग्यांच्या घरी शिधा दिल्यावर कुटुंबातील इतरांना होणारा क्षय सुमारे चार दशांशाने घटला, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. म्हणून ‘आधी दारू सोड, मग गोळ्या’ असे बजावून रोग्यास परत धाडणे आम्हांस अपराध वाटतो. तो खोकत घरीच जातो, आणि घरात लेकरे असतात.

अलीकडे सरकारी उपचारपत्रकावर रोगी दारू पितो काय, असा रकाना आला आहे. दोन दप्तरे एका कागदावर यावयास एवढा काळ लागला. हा रकाना भरताना रोगी पुष्कळदा ‘नाही’ म्हणतो. त्याची बायको दाराशी उभी असते, तिलाही विचारावे.