‘फ्रँक’ कोणी असावे?

पदवीच्या वर्गात ‘ऑनेस्ट’चे समानार्थी शब्द विचारले की विद्यार्थी एका दमात यादी म्हणतात : फ्रँक, कँडिड, सिन्सिअर, प्लेन, ब्लंट. यादी चुकीची नसते. रॉजेने 1852 साली आपला थिसॉरस प्रसिद्ध केल्यापासून अशा याद्यांची आपल्याला सवयच झाली आहे. परंतु यादीत शेजारी बसलेले शब्द एका घरातून आलेले असतातच असे नाही. स्पष्ट बोलणे हा आज आपण स्वभावाचा गुण मानतो. या शब्दांची कुळकथा पाहिली तर तो बराच काळ दर्जाचाही प्रश्न होता, असे दिसते.

‘फ्रँक’ हे मुळात एका जमातीचे नाव. रोमन सत्ता ढासळल्यावर गॉल प्रांतावर, म्हणजे आजच्या फ्रान्सवर, फ्रँक लोकांचा अंमल बसला. तेथे पूर्ण स्वातंत्र्य राज्यकर्त्या जमातीलाच होते. म्हणून जमातीच्या नावालाच ‘स्वतंत्र’ असा अर्थ चिकटला. हाच अर्थ घेऊन शब्द इंग्रजीत आला आणि ‘मोकळेपणाने बोलणारा’ हा अर्थ त्याला सोळाव्या शतकात मिळाला. आधी माणूस मोकळा, मग त्याचे बोलणे मोकळे, असा हा क्रम आहे. जुना अर्थ टपालात टिकून राहिला. ब्रिटिश संसदेच्या सभासदांची पत्रे सहीनिशी फुकट जात, त्याला फ्रँकिंग म्हणत. 1840 साली पेनी टपाल आले आणि ती सवलत गेली. आपल्याकडे मुद्रांकाच्या कामात ‘फ्रँकिंग’ हा शब्द मात्र रुळला. ‘इंजेन्युअस’चीही हीच कथा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘स्वतंत्र कुळात जन्मलेला’. निष्कपटपणा हा जणू अशा जन्माबरोबर येणारा गुण, आणि गुलामाकडून तो अपेक्षितच नाही.

‘कँडिड’चा प्रवास अधिक वळणाचा आहे. लॅटिन ‘कँडिडस’ म्हणजे शुभ्र. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा खडूने पांढरा केलेला झगा घालून फिरे, म्हणून तो ‘कँडिडेट’. शुभ्रतेवरून निर्मळपणा, निर्मळपणावरून निर्वैर मन. अठराव्या शतकात ‘कँडर’ म्हणजे दुसऱ्याच्या वागण्याचा शक्यतो चांगला अर्थ लावण्याची उदारता. जॉन्सनच्या 1755 च्या कोशातही द्वेषरहितता हा अर्थ पुढे आहे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (1813) एलिझाबेथ आपल्या बहिणीच्या, जेनच्या, ‘कँडर’बद्दल बोलते तेव्हा तिला जेनचा फटकळपणा सुचवायचा नाही. जेन तर कोणाविषयी वाईट बोलतच नाही. तिचा तो भाबडा चांगुलपणाच एलिझाबेथला अभिप्रेत आहे. आजचा कोश उघडून हा प्रसंग वाचणारा विद्यार्थी नेमका उलटा अर्थ घेऊन बसतो. हा बदल तेव्हाच सुरू झाला होता. 1798 साली जॉर्ज कॅनिंगने एका उपरोधिक कवितेत ‘कँडिड’ मित्रापासून सुटका मागितली आहे. दोष झाकणारा शब्द हळूहळू दोष सांगणारा झाला.

‘सिन्सिअर’विषयी लायोनेल ट्रिलिंगने ‘सिन्सिअरिटी अँड ऑथेंटिसिटी’ (1972) या पुस्तकात दाखवले आहे की आरंभी हा शब्द वस्तूंनाही लागे. भेसळ नसलेली मद्ये ‘सिन्सिअर’ म्हटली जात. ‘मेणाविना’ अशी त्याची जी व्युत्पत्ती सांगितली जाते, ती मात्र लोककथाच समजावी.

या सगळ्या शब्दांत ‘प्लेन’ हा सर्वांत साधा, म्हणजे सपाट. पण त्याच्यासाठी माणसे तुरुंगात गेली. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये वरिष्ठाला ‘यू’ आणि कनिष्ठाला ‘दाउ’ म्हणण्याचा रिवाज होता. जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या क्वेकर अनुयायांनी सर्वांना ‘दाउ’च म्हणायचे ठरवले. एका माणसाला अनेकवचन लावणे हे खोटे आहे आणि त्या खोट्यात खुशामत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायाधीशासमोर टोपी न काढता त्यालाही ‘दाउ’ म्हणणे हा उद्धटपणा ठरला. त्यांना मार आणि कैद भोगावी लागली. विल्यम पेनने टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत लिहिलेल्या ‘नो क्रॉस, नो क्राउन’मध्येही (1669) या बोलीचे समर्थन आहे. हे प्रकरण मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. विठ्ठलाला बेधडक ‘तू’ म्हणणारे आपण साहेबांना ‘तू’ म्हणून पाहिलेले नाही.

क्वेकरांनी केले ते एवढेच : जे बोलणे स्वतंत्र कुळाची मिरास होते, ते त्यांनी कोष्ट्या-चांभारांच्या तोंडी दिले. पुढे गंमत अशी झाली की इंग्रजीतून ‘दाउ’च गेला; सर्वजण सर्वांना ‘यू’ म्हणू लागले. बरोबरी आली, पण उलट्या वाटेने. आणि एकेकाळची बंडखोर बोली क्वेकरांच्या घरात केवळ एक रूढी होऊन राहिली.

मराठीने याच अनुभवाला ‘निर्भीड’ हा फार नेमका शब्द दिला आहे. भीड ही मनात असली तरी ती असते कोणाची तरी. समोर कोणी नसेल तर भीडही नाही.

हे सारे आम्हाला आठवते ते दरवर्षी सत्र संपताना. आम्ही विद्यार्थ्यांना शिकवण्याविषयी अभिप्रायाचे कागद देतो आणि ‘अगदी फ्रँकली लिहा’ असे सांगतो. कागद परत येतात तेव्हा त्यांवर ‘सर्व छान’ असते. आम्ही त्यांच्या संकोचाला हसतो. वास्तविक त्या कागदावर हजेरी क्रमांक असतो, आणि अंतर्गत गुण आमच्याच हातात असतात. शब्दाचा अर्थ त्यांना कळला नाही असे नव्हे. त्याचा इतिहास त्यांनी आमच्यापेक्षा बरोबर ओळखला आहे. पुढच्या वर्षी समानार्थी शब्द शिकवण्यापूर्वी तो क्रमांकाचा रकाना काढून टाकावा, असे आम्ही ठरवले आहे.