हिवरे बाजार येथील जलसंधारण

हिवरे बाजार हे महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील सुमारे बाराशे लोकवस्तीचे गाव आहे. १९९० च्या दशकात ग्रामस्थांनी श्रमदानाच्या व शासकीय योजनांच्या साहाय्याने गावाच्या पाणलोट क्षेत्रात मृद् व जलसंधारणाची कामे केली. पुढे ग्रामसभेच्या ठरावांद्वारे वृक्षतोड, मोकाट चराई, सिंचनासाठीच्या कूपनलिका आणि ऊस-केळीसारखी पिके यांवर निर्बंध घातले. भूजलाचा दरवर्षी ताळेबंद मांडून त्यानुसार पीकपद्धती ठरवणारे गाव म्हणून ते देशभर ओळखले जाते. बंधारे आणि चर महाराष्ट्रातील शेकडो गावांत झाले. हिवरे बाजारचे वेगळेपण प्रामुख्याने त्यानंतर पाळल्या गेलेल्या निर्बंधांत आहे.

भौगोलिक परिस्थिती

गाव सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. येथील वार्षिक पाऊस साधारणतः ३०० ते ४०० मिलिमीटर असून तो मोजक्या दिवसांत आणि बहुधा जोरदार सरींच्या रूपात पडतो. गावाचे एकूण क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर आहे. वस्ती व शेतजमीन सखल भागात असून सभोवती डोंगर आहेत.

दख्खनच्या पठारावरील इतर गावांप्रमाणे येथेही खाली बेसाल्ट खडक आहे. हा खडक मुळात सच्छिद्र नसतो. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरुमाच्या थरात आणि खडकातील सांधे व भेगांत. त्यामुळे उथळ विहिरींना लाभणारा हा साठा मर्यादित असतो. एका पावसाळ्यात भरतो आणि उपसा वाढला की एका उन्हाळ्यात संपतो. शंभर-दोनशे फुटांखाली जाणारी कूपनलिका खोल भेगांतील पाणी खेचते. त्या भेगांचे पुनर्भरण फार सावकाश होते. शिवाय त्या वरच्या थराशी जोडलेल्या असतील, तर शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणीही खाली ओढले जाते. गावातील पुढच्या सर्व नियमांचे मूळ या भूरचनेत आहे.

पार्श्वभूमी

१९७२ च्या दुष्काळानंतर गावाची स्थिती झपाट्याने ढासळली. सरपणासाठी व विक्रीसाठी डोंगरावरील झाडे तोडली गेली. उघड्या उतारांवरून पावसाचे पाणी माती घेऊन वाहून जाऊ लागले आणि विहिरी हिवाळा सरताच आटू लागल्या. ज्वारी-बाजरीचे एक पीकही खात्रीचे राहिले नाही. अनेक कुटुंबे पुणे, मुंबई व आसपासच्या शहरांत मजुरीसाठी गेली. गावात राहिलेल्यांपैकी काहींनी हातभट्टीच्या दारूचा धंदा धरला. भांडणे आणि पोलिस तक्रारी यांमुळे गावाचे नाव तालुक्यात बदनाम झाले. येथे होणारी बदली ही शिक्षा आहे असे सरकारी कर्मचारी मानत, अशी आठवण गावात आजही सांगितली जाते.

१९८९ मध्ये गावातील तरुणांच्या आग्रहावरून पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. वाणिज्य शाखेतील पदव्युत्तर पदवी घेतलेले पवार क्रिकेट खेळाडू होते आणि घरच्यांना त्यांनी नोकरी करावी असे वाटत होते. त्यांच्यासमोर त्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे उदाहरण होते. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तेथे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पाणलोट विकासाचे काम सुरू झाले होते.

श्रमदान व पाणलोटाची कामे

आरंभीची कामे पाण्याची नव्हती. ग्रामसभेत अग्रक्रम ठरवताना शाळा पुढे आली आणि शाळेच्या खोल्या उभारण्यासाठी ग्रामस्थांनी श्रमदान केले. परस्परांवरील अविश्वास मोठा असलेल्या गावात आधी डोळ्यांना दिसणारे एखादे काम पूर्ण होणे आवश्यक होते, असे या क्रमाचे स्पष्टीकरण दिले जाते. दारूच्या भट्ट्या बंद करण्याचा निर्णयही याच काळातील आहे.

१९९२ च्या सुमारास संयुक्त वन व्यवस्थापनांतर्गत वन विभागाच्या साहाय्याने गावाभोवतीच्या सुमारे ७० हेक्टर उजाड वनक्षेत्रावर काम सुरू झाले. १९९४ मध्ये गावाचा समावेश महाराष्ट्र शासनाच्या आदर्श गाव योजनेत करण्यात आला. योजना राबवण्यासाठी ग्रामस्थांनी यशवंत कृषी, ग्राम व पाणलोट विकास संस्था स्थापन केली होती. कामांवरील मजुरीचा मोठा भाग रोजगार हमी योजनेतून आला. ‘गावाने एक रुपयाही न घेता स्वतःला उभे केले’ असे वर्णन अधूनमधून आढळते, ते बरोबर नाही. श्रमदान आणि शासकीय निधी ही दोन्ही चाके होती. निधी कोठे व कोणत्या क्रमाने खर्चावा हे ग्रामसभेने ठरवले.

कामांचा क्रम ‘माथा ते पायथा’ असा होता. प्रथम डोंगरमाथ्यावर व उतारांवर सलग समतल चर खोदण्यात आले. त्यांची संख्या सुमारे ४० हजार सांगितली जाते. चरांच्या कडेने झाडे व गवत लावले गेले. त्यानंतर ओघळींत अनगड दगडांचे बांध, शेतांत बांधबंदिस्ती, नाल्यांवर मातीचे व सिमेंटचे बंधारे आणि शेवटी पाझर तलाव अशी कामे खाली सरकत गेली. क्रम उलटा केल्यास वरून येणारा गाळ खालचे बंधारे काही वर्षांतच भरून टाकतो. लोकप्रतिनिधींना उद्घाटनासाठी मोठा बंधारा सोयीचा असतो आणि डोंगरावरचे चर कोणाला दिसत नाहीत, त्यामुळे राज्यात हा क्रम अनेकदा चुकलेला आहे.

कुऱ्हाडबंदी व चराईबंदी

आदर्श गाव योजनेची पाच सूत्रे श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व कुटुंबनियोजन ही होती. हिवरे बाजारने त्यांत लोटाबंदी (उघड्यावर शौचास बंदी) आणि कूपनलिकाबंदी यांची भर घातली. ही सप्तसूत्री म्हणून ओळखली जाते.

यांपैकी चराईबंदी प्रथम सर्वांत जाचक ठरणारी होती. जमीन नसलेल्या किंवा अल्प असलेल्या कुटुंबाची शेळ्या-मेंढ्यांवर गुजराण असते आणि डोंगर बंद झाला की तिचा आधार तुटतो. यावर गावाने काढलेला मार्ग असा : जनावरे वनक्षेत्रात सोडायची नाहीत, परंतु ठरावीक वार्षिक शुल्क भरून कोणीही विळ्याने गवत कापून न्यावे. काही पावसाळ्यांनंतर गवताचे उत्पादन कित्येक पटींनी वाढले आणि शेजारच्या गावांनाही चारा मिळू लागला. शेळ्यांऐवजी गोठ्यात बांधलेल्या दुभत्या जनावरांकडे गाव वळले. १९९० च्या दशकाच्या मध्यास दररोज सुमारे १५० लिटर असलेले दूध संकलन पुढील दीड दशकात सुमारे ४,००० लिटरवर गेले. तथापि दुभती गाय घेण्यास भांडवल लागते, शेळीला फारसे लागत नाही. त्यामुळे या बदलाचा लाभ सर्वांना सारख्या वेगाने मिळाला असे म्हणता येत नाही.

पाण्याचा ताळेबंद

पाणलोटाची कामे यशस्वी झालेल्या गावांत पुढे एक ठरलेला प्रसंग येतो. विहिरींना पाणी वाढते, त्या भरवशावर बागायत वाढते, विद्युत पंप व कूपनलिका वाढतात आणि दहा-पंधरा वर्षांत भूजल पूर्वीपेक्षाही खाली जाते. हिवरे बाजारमध्ये हा धोका वेळीच ओळखला गेला. सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास बंदी झाली. ती केवळ पिण्याच्या पाण्यासाठी घेता येते. ऊस व केळी ही पिके वर्ज्य करण्यात आली.

२००४ पासून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मार्गदर्शनाखाली वार्षिक ताळेबंद मांडण्यास आरंभ झाला. गावात पर्जन्यमापक असून निवडक निरीक्षण विहिरींची पाणीपातळी नोंदवली जाते. या नोंदींत शाळेतील विद्यार्थीही सहभागी होतात. पावसाळा संपल्यावर पडलेला पाऊस, वाहून गेलेले व बाष्पीभवन झालेले पाणी, जमिनीतील ओल आणि भूजलातील वाढ यांचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवला जातो. उपलब्ध पाण्यातून प्रथम माणसे, जनावरे व घरगुती वापर यांचा वाटा राखला जातो. उरलेल्यापैकी सुमारे ७० टक्के सिंचनासाठी आणि ३० टक्के पुढील काळासाठी भूजलात राखून ठेवण्याचे सूत्र आहे. पाऊस कमी असेल त्या वर्षी रब्बीचे क्षेत्र घटवले जाते, तसेच गव्हाऐवजी हरभरा, ज्वारी यांसारखी कमी पाण्याची पिके घेण्याचे ठरते.

या हिशेबात ऊस का बसत नाही, हे साध्या गणिताने स्पष्ट होते. ९७६ हेक्टरांवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी सुमारे ९७ कोटी ६० लाख लिटर भरते. त्यातील बराच भाग बाष्पीभवनाने व वाहून जाऊन हाती लागत नाही. बाराशे लोकांना प्रतिदिन प्रत्येकी ५५ लिटर धरल्यास वर्षाची गरज सुमारे २ कोटी ४० लाख लिटर होते. उसाच्या एका हेक्टरास, प्रवाही सिंचन पद्धतीने, सुमारे २ कोटी लिटर पाणी लागते. म्हणजेच एका शेतकऱ्याचा एक हेक्टर ऊस जवळजवळ संपूर्ण गावाच्या वर्षाच्या घरगुती पाण्याइतके पाणी घेतो. टंचाईच्या वर्षी पिण्याच्या पाण्याचा प्रश्न म्हणून जे समोर येते, ते बहुतेक वेळा पिकांच्या निवडीचे फलित असते.

नियमांचे स्वरूप व कायदा

हे निर्बंध ग्रामसभेच्या ठरावांवर उभे आहेत आणि त्यांचा कायदेशीर पाया नाजूक आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमापासून चालत आलेल्या संकल्पनेनुसार जमिनीखालील पाणी उपसण्याचा हक्क त्या जमिनीच्या मालकाला असतो. स्वतःच्या शेतात कूपनलिका खोदणाऱ्यास केवळ गावाच्या ठरावाने अडवता येईल काय, हा प्रश्न त्यामुळे उरतोच. महाराष्ट्रात १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पेयजल स्रोतांना संरक्षण दिले. त्याची जागा घेणाऱ्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये अधिसूचित क्षेत्रांत ६० मीटर व त्याहून खोल विहिरींवर नियंत्रणाची आणि भूजलाच्या उपलब्धतेनुसार पीक आराखड्याची तरतूद आहे. हिवरे बाजारने हीच गोष्ट त्याआधी, दंडाच्या भीतीपेक्षा परस्परांच्या नजरेच्या धाकाने साधली होती. गावातील जमीन बाहेरच्यांना विकू नये, हा संकेतही याच धाकाचे रक्षण करतो. ठरावाच्या वेळी उपस्थित नसलेला आणि शेजाऱ्यांची भीड नसलेला मालक आला, तर संपूर्ण व्यवस्था एका कूपनलिकेने मोडू शकते.

परिणाम

पूर्वी ७०-८० फुटांवर असलेली विहिरींची पाणीपातळी अनेक ठिकाणी २०-२५ फुटांवर आल्याचे नोंदवले गेले. ज्वारी-बाजरीबरोबर कांदा, बटाटा, भाजीपाला व फुले यांची लागवड वाढली आणि स्थलांतरित कुटुंबांपैकी अनेक परतली. १९९५ मध्ये गावातील १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० पर्यंत ही संख्या ३ वर आल्याची नोंद आहे. गावातील ‘लक्षाधीश’ कुटुंबांच्या संख्येला प्रसारमाध्यमांनी विशेष प्रसिद्धी दिली. पाण्याच्या दृष्टीने मात्र अधिक अर्थपूर्ण बाब ही की, लागोपाठच्या कमी पावसाच्या वर्षांतही गावाला टँकर मागवावा लागला नाही.

पवार यांची पुढे राज्याच्या आदर्श गाव संकल्प व प्रकल्प समितीच्या कार्याध्यक्षपदी नियुक्ती झाली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

मर्यादा व चर्चा

हिवरे बाजारचा प्रयोग अन्यत्र किती उतरवता येईल, याविषयी मतभेद आहेत. गाव लहान आहे, पाणलोट क्षेत्र बहुतांशी त्याच्याच हद्दीत आहे आणि एकाच नेतृत्वाला दीर्घकाळ लाभलेले स्थैर्य दुर्मीळ आहे. नदीकाठच्या वा कालव्याच्या लाभक्षेत्रातील गावांत, जेथे पाणी अनेक गावांचे असते, तेथे एका ग्रामसभेच्या ताळेबंदाला फारसा अर्थ राहत नाही. जलसंधारणाचा लाभ प्रामुख्याने जमीनधारकांस होतो, विशेषतः नाल्याजवळ विहीर असलेल्यांस, तर श्रमदान सर्वांकडून अपेक्षिले जाते; हा आक्षेप येथेही लागू पडतो. भूमिहीनांना मजुरी व चाऱ्याचा वाटा मिळाला, परंतु पाण्यावरील हक्क जमिनीपासून वेगळा करण्यापर्यंत गाव गेले नाही. निर्बंधांच्या यादीत खाजगी आयुष्यात शिरणारे नियमही आहेत. विवाहापूर्वी एचआयव्ही चाचणीचा आग्रह हे त्याचे एक उदाहरण. त्यावर स्वतंत्र चर्चा झाली आहे.

राज्यपातळीवर या प्रयोगातील खोदकामाचे अनुकरण सहज झाले, निर्बंधांचे तितके झाले नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात हजारो गावांत नाला खोलीकरण, रुंदीकरण व बंधाऱ्यांची कामे झाली. भूजल पातळी वाढवण्यात अभियानाचा परिणाम अल्प राहिल्याचा निष्कर्ष भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मधील अहवालाने काढला. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांतील निवडक ग्रामपंचायतींना पाण्याचा ताळेबंद व जलसुरक्षा आराखडा तयार करणे आवश्यक करण्यात आले आहे. त्यासाठी प्रशिक्षणास येणाऱ्या ग्रामपंचायत सदस्यांना डोंगरावरील चरांबरोबरच पर्जन्यमापक आणि निरीक्षण विहिरींच्या नोंदीही दाखवल्या जातात.