कोबी, फ्लॉवर, मुळा : भाजी करताना या चुका केल्या तर फायदा जातो पाण्यात!

थंडी सुरू झाली की आठवडी बाजारात कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोलाचे ढीग लागतात. मोहरी आणि अळीवही याच कुळातले. सगळ्यांच्या फुलाला चारच पाकळ्या असतात. भाज्या स्वस्त आणि गुणी. पण गुण पोटात जाणार की मोरीत, हे आपल्या हातात आहे.

काय मिळते?
१०० ग्रॅम कच्च्या कोबीत सुमारे ३५ मिलीग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. फ्लॉवरमध्ये त्याहून जास्त. शिवाय तंतुमय पदार्थ, फोलेट आणि 'के' जीवनसत्त्व. या भाज्यांत गंधकयुक्त घटकही असतात. भाजी चिरली की त्यांच्यापासून तिखट द्रव्ये तयार होतात. फेसलेली मोहरी नाकात जाते, ती यामुळेच. कर्करोगापासून बचावासाठी या द्रव्यांवर संशोधन सुरू आहे. मात्र कोबी खाऊन आजार बरा होतो, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

कशी करावी?
• भाजी आधी धुवा, मग चिरा. कोबीची वरची पाने काढा. फ्लॉवरचे तुरे मिठाच्या कोमट पाण्यात १० मिनिटे ठेवा, अळ्या निघतात.
• चिरल्यावर अर्धा तास तशीच ठेवून मग फोडणीला टाका. तिखट द्रव्ये तयार व्हायला वेळ मिळतो.
• उकडून पाणी फेकू नका; 'क' जीवनसत्त्व आणि फोलेट त्यातच उतरते. झाकण ठेवून वाफेवर शिजवा.
• मुळ्याचा पाला बाजारातच टाकून येऊ नका. कंदापेक्षा पाल्यात कॅल्शियम आणि लोह जास्त. डाळ घालून भाजी करा. डिंगऱ्याही खा.
• पोटात गॅस होत असेल तर थोडी खा, हिंग-आले घाला.

कुणी जपावे?
हृदयाची झडप बदललेल्या किंवा रक्ताची गुठळी झालेल्या रुग्णांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतात. वॉरफरिन, असेनोकोमारोल घेणाऱ्यांनी हंगाम आला म्हणून एकदम रोज कोबी आणि पालेभाज्या खाऊ नयेत. 'के' जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी होतो. भाजी बंद करायची गरज नाही, प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. थायरॉईड असलेल्यांना शिजवलेली भाजी बेताने चालते. आयोडीनयुक्त मीठ वापरा, गोळी चुकवू नका.